पहिल्या वाचणाऱ्याची सही

संक्रमण शिबिर, वडाळा
खोली ६०४
ता. २६ जानेवारी २०२६

चि. भिवा यास आक्काचा सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे, गुडघे सोडून. तुझी साखर आटोक्यात आहे आणि तू रोज सकाळी बदलापूर स्टेशनपर्यंत चालत जाऊन पेपर आणतोस, एवढं प्रितीकडून कळतं. पेपर आणतोस हे ऐकून बरं वाटलं. त्यात काय वाचतोस ते मात्र तुझ्या लेकीला सांगता आलं नाही.

इथलं म्हणशील तर मी सहाव्या मजल्यावर आहे. लिफ्ट दोन, त्यातली एक चालते आणि तीही तिची मर्जी असेल तर. आपल्या पांढऱ्या चाळीतली बरीच माणसं याच बिल्डिंगमध्ये आहेत, पण दारं बंद. परळला गॅलरीत कुणी शिंकलं तर तीन खोल्यांतून आल्याचा चहा यायचा. इथे समोरची रखमावहिनी चार दिवस तापाने फणफणत होती, ते मला पाचव्या दिवशी कळलं. म्हणून मी फळा परत लावलाय. होय, तोच. चाळ पाडायला आले तेव्हा लोकांनी कपाटं उतरवली, पलंग उतरवले, मी फळा उतरवला. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, ये कचरा किधर ले जाती?" मी सांगितलं, हा पुढच्या सीटवर बसेल, मी मागे बसते.

लिफ्टच्या बाजूला खिळे ठोकून घेतले तर शिबिराचा सुपरवायझर धावत आला. परवानगी घेतली का म्हणाला. मी विचारलं, परवानगी लागते ही नोटीस कुठे लावली होती ते दाखव. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही आणि माझं त्यावाचून काही अडत नाही. आज खाली झेंडावंदन झालं, तेव्हा मला बघून त्याने उगाच मोबाइल कानाला लावला.

आता मुद्द्याचं. प्रिती म्हणाली, बारा फेब्रुवारीच्या सुनावणीला तू जाणार नाहीस. "बाबा म्हणतात, मुदत माझीच चुकली, आता जाऊन कुणाचे पाय धरू?" हे तिने फोनवर सांगितलं आणि मला त्या दिवशी अन्न गोड लागलं नाही. भिवा, तुला जायचंय. सत्तावीस नंबरची खोली ही कुणाची मेहेरबानी नाही. आप्पा अठ्ठावन्न साली त्या खोलीत आले, तू तिथेच रांगलास, आई तिथेच गेली. नव्या इमारतीत त्या खोलीच्या बदल्यात जे घर मिळणार ते तुझं आहे. लेकीच्या हॉलमध्ये गादी घालायची आणि सकाळी जावई उठायच्या आत गुंडाळायची, हे तुझ्या नशिबात लिहिलेलं नव्हतं. ते कागदावर लिहिलं गेलं, आणि कागदावरचं खोडता येतं.

तुझ्या अपिलावर पुनर्विकासाच्या कचेरीने दिलेलं उत्तर मी दादरला अनुजा वकीलबाईंच्या ऑफिसात बसून वाचलं. चाळीतल्या सगळ्यांचे कागद त्याच बघतात, तुझेही प्रितीने त्यांच्याकडेच दिलेत. उत्तरात म्हटलंय की पात्र-अपात्र भाडेकरूंची कच्ची यादी एक नोव्हेंबर दोन हजार तेवीसला दोन वर्तमानपत्रांतून जाहीर केली, कचेरीच्या फलकावर लावली आणि त्याच दिवशी चाळीच्या दर्शनी भागावर डकवली. हरकतींची मुदत पंधरा नोव्हेंबर. सदर भाडेकरूने मुदतीत हरकत घेतली नाही, सबब अपात्र. वाचायला कसं लोण्यासारखं लागतं बघ.

दोन वर्तमानपत्रं कुठली? एक इंग्रजी, आणि दुसरं असं की चाळीत एकाच्याही दारात पडत नव्हतं. मी नाक्यावरच्या वाचनालयात भिंग घेऊन बसते म्हणून मला ती नोटीस दिसली, मोहरीएवढ्या अक्षरांत, एका बाजूला कुणी नाव बदललेलं आणि दुसऱ्या बाजूला कुणाचे शेअर हरवलेले. तिच्यात यादी नव्हतीच. यादी कचेरीत पाहावयास मिळेल, एवढंच. म्हणून कचेरीत गेले. फलक दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनमागे, काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे तो बदली होऊन गेलेला. काचेला नाक लावून यादी उतरवून घेतली. आणि मुदतीचा शेवटचा दिवस कुठला? भाऊबीज. कचेरी बंद. दिवाळीच्या तोंडावर नोटीस काढायची आणि सुट्टीच्या दिवशी मुदत संपवायची, याला मी विसराळूपणा म्हणणार नाही. तू म्हण हवं तर.

मी तीस वर्षं शाळेत शिपाई होते ते तुला ठाऊक आहेच, पण माझं खरं काम काय होतं ते तू कधी विचारलं नाहीस. सूचना वही. हेडमास्तरांनी दोन ओळी लिहिल्या की ती वही घेऊन वर्गावर्गात फिरायचं. बाई वर्गात वाचून दाखवणार, खाली सही करणार, मी पुढच्या वर्गात. एकदा कंटाळा करून मी दोन वर्ग गाळले तर हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, कांता, सही नाही म्हणजे सूचना गेलीच नाही. एवढा कायदा मला शाळेने शिकवला. कचेरीतल्या साहेबांना तो कुणी शिकवलेला दिसत नाही.

म्हणून रिटायर झाल्यावर चाळीचा फळा हातात घेतला, तेव्हाही मी तेच केलं. पेपरातली आणि कचेरीतली नोटीस वाचायची, "सर्व संबंधितांस याद्वारे" वगैरे सगळं सोलून काढायचं आणि गाभा तेवढा खडूने लिहायचा. मग तेच शब्द तारीख घालून वहीत, आणि फळा जो पहिला वाचील त्याची वहीत सही. एकोणीस वर्षं. अकरा वह्या झाल्यात. तू हसायचास. म्हणायचास, आक्का, तुझ्या वहीला काय काळं कुत्रं विचारतंय?

विचारतंय बाबा. ऐक.

चाळीच्या दर्शनी भागावर नोटीस डकवली याचा पुरावा द्या, म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पहिलं उत्तर आलं, फाइल शोधत आहोत. मग झेरॉक्स आली, कोळशाच्या वखारीत काढल्यासारखी काळी. तिसऱ्या खेपेला मी कचेरीत जाऊन बाकावर बसले. क्लार्क म्हणाला, "मावशी, रेकॉर्डला फोटो आहे ना, अजून काय पायजे? फोटो काय खोटं बोलतो?" मी म्हटलं, मग त्या खरं बोलणाऱ्याला रंगीत छापून दे.

दिला छापून. भिंतीवर नोटीस, चारी कोपऱ्यांना खळ लावलेली, आणि शेजारी, अर्धा फोटो व्यापून, माझा फळा. माझं अक्षर. "दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीच्या नळाची तोटी काल चोरीला गेली. नेणाऱ्याने गुपचूप आणून लावावी. नाव माहीत आहे. कांता."

तुला आठवते का ती तोटी? नाव मला माहीत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी तोटी जागेवर आली होती. आणि वही काढून पाहिलं तर ते मी लिहिलं होतं बावीस नोव्हेंबरला. खाली रखमावहिनीची सही. म्हणजे मुदत संपून सात दिवस झाल्यावर कुणीतरी आला, फाइल भरायला नोटीस डकवली, फोटो काढला, मागची तारीख घातली आणि गेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. ज्या फळ्याला तुम्ही हसत होतात, त्याच्याशेजारी उभं राहून कचेरीने स्वतःच्या खोटेपणाचा फोटो काढून घेतला.

वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, ताई, दर्शनी भागावर मुदतीत नोटीस लागलीच नाही म्हटल्यावर मुदत सुरूच झाली नाही, त्यांना ऐकावंच लागेल. रखमावहिनी सांगायला यायला तयार आहे. मी तर आहेच. फक्त ती तारीख वहीशिवाय सिद्ध होत नाही, म्हणून वही दाखल करायची.

आणि त्या वहीत एक पान आहे.

हात दुखायला लागला. उरलेलं उद्या लिहिते. हात दुखतोय हे निमित्त आहे.

ता. २७

सकाळी फळ्यावर पाण्याचं लिहून आले, आता बसते आणि उठत नाही.

तेवीस सालचा ऑक्टोबर आठव. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीचा रविवार, चाळीच्या गेटवर मीटिंग. तू नवाच कमिटीचा सेक्रेटरी झाला होतास. मी फळ्यावर लिहिलं होतं, "विकासकाच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका." तू ओलं फडकं घेतलंस आणि सगळ्यांच्या देखत ते पुसलंस. म्हणालास, "आक्का, टाइमपास बंद कर हा. ग्रुपवर टाकतोय ना आम्ही सगळं." तेवढ्यावर थांबला असतास तर मी गिळलं असतं. पण तू पुढे म्हणालास, "आणि तुला काय गं एवढी पडलीय? तुझ्यामागे आहे कोण त्या खोलीत राहायला?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे खाली बघत होते आणि मी माझ्या हातातल्या खडूकडे. यांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मूल झालं नाही म्हणून यांनीसुद्धा मला कधी एक शब्द ऐकवला नव्हता. तो तू ऐकवलास. ज्याला मी कडेवर घेऊन बालवाडीत सोडलं त्याने.

त्यानंतर दहाव्या दिवशी मी कचेरीच्या काचेला नाक लावून अपात्रांची यादी उतरवत होते. पाच खोल्या होत्या, भिवा. पाच, अकरा, एकोणीस, सत्तावीस, चाळीस. सत्तावीसपुढे लिहिलं होतं, भाडेपावती मयत वडिलांच्या नावे. एवढंच कारण. आप्पांचा मृत्यूचा दाखला आणि तुझं रेशनकार्ड घेऊन गेला असतास तर दहा मिनिटांचं काम होतं.

दोन तारखेला सकाळी मी फळ्यावर लिहिलं: "खोली ५, ११, १९, ४०. तुमची नावं कापली आहेत. कागद घेऊन पंधराच्या आत कचेरीत जा. सुट्ट्या आहेत, दहापर्यंतच जा."

सत्तावीस लिहिलं नाही.

विसरले नव्हते. एकोणीस लिहून झाल्यावर हात थांबला आणि मी सरळ चाळीस लिहिलं. मनात म्हटलं, सेक्रेटरी आहे, ग्रुपवर येतं ना सगळं, बघू दे ग्रुपवर. ग्रुपवर काहीच आलं नव्हतं हे मला माहीत होतं. विकासकाच्या माणसाने तुम्हाला गुळाचा गणपती करून बसवलं होतं, तेही माहीत होतं. ते चार जण दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेले आणि पात्र झाले. आज चौघांनाही इथे खोल्या आहेत.

आणि आता ते सांगते, जे सव्वादोन वर्षं तुला सांगायचं राहिलंय. त्या दिवशी फळा पहिला कुणी वाचला? तू. दूध आणायला खाली उतरला होतास. पाठीमागे उभा राहून वाचलंस. तू स्वतः माझ्या हातातली वही घेतलीस, खिशातलं पेन काढलंस आणि सही केलीस. "वाचले. भि. गमरे." मग जाताना म्हणालास, "अक्षर चांगलंय हा आक्का अजून." तू सलोखा करायला आला होतास, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तुला शब्दाने माफी मागता येत नाही, लहानपणापासून येत नाही, तू अशीच मागतोस. मला कळलं आणि तरी मी तुला जाऊ दिलं. एका आकड्याचं काम होतं, आणि खडू हातात होता.

त्यानंतर तेरा दिवस होते. रोज वाटायचं, आज सांगते. आपल्या घरात भाऊबीज नाही, पण त्या दिवशी चाळभर ताटं फिरत होती आणि तू सत्तावीसच्या दारात दात घासत उभा होतास. मी एकतीसच्या. मध्ये तीन खोल्या. मी आत गेले आणि दार लोटलं. जानेवारीत अंतिम यादी लागली तेव्हा तू माझ्याकडे आलास, तोंड पांढरंफटक. विचारलंस, "आक्का, फळ्यावर सत्तावीस नव्हतं ना गं?" मी म्हटलं, नव्हतं.

ते खरं होतं. आयुष्यात त्याच्याइतकं खोटं मी काही बोलले नाही.

तू ते ऐकलंस आणि स्वतःलाच दोष देत बदलापूरला गेलास. गेल्या सहा डिसेंबरला दादरला पुस्तकांच्या स्टॉलपाशी तू मला दिसला होतास. खांदे उतरलेले. मी रांगेतून मागे वळले. फोन तू उचलत नाहीस म्हणून लोकांना सांगते, पण खरं तर तू उचलशील म्हणून मी दोनदा रिंग झाली की ठेवून देते.

अजून एक. तो माहितीचा अर्ज मी तुझ्यासाठी टाकला नव्हता. मला कचेरीची चूक हवी होती, माझी हलकी व्हावी म्हणून. कचेरीची चूक सापडली, चांगली फोटोसकट सापडली, आणि माझी तसूभर हलकी झाली नाही. दोन्ही आपापल्या जागी आहेत. त्यांनी नोटीस लावली नाही हे खरं, आणि मला माहीत असून मी लिहिली नाही हेही खरं. त्यांचं पाप मी बारा तारखेला त्यांच्या तोंडावर सांगणार आहे, तर माझं कुणाच्या पदराखाली लपवू?

वकीलबाईंना मी दोन तारखेचं पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "कांताताई, आपण बावीस तारखेचं एकच पान देऊ. बाकीची वही मागतीलच असं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." चांगली बाई आहे, तुझ्या भल्यासाठीच म्हणाली. मी सांगितलं, वही देईन तर अख्खी देईन, शिवणीसकट. पाचातलं एक गाळून बाकीचं लोकांपुढे ठेवायचं हे मी एकदा करून बघितलंय. पुन्हा करायचं नाही.

तेव्हा साहेब विचारतील, बाई, पाचातली सत्तावीस नंबरची खोली का लिहिली नाहीत? मी सांगेन, भावावर राग होता म्हणून. तिथे रखमावहिनी असेल, ते चौघे असतील. संध्याकाळपर्यंत सहाही मजल्यांवर पोचेल. मग माझ्या फळ्यावर कोण विश्वास ठेवेल? उद्या पाणी नाही असं लिहिलं तरी लोक म्हणतील, आधी नळ सोडून बघा. मला त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. सत्तरी उलटली, त्या फळ्याशिवाय माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. पण गेला तर जाऊ दे. तिथला खडू मी कुणालाही देईन, एवढंच सांगून की लिहिताना आवडती नावडती खोली बघू नकोस. आणि लोकांनीही जरा शिकावं. एकोणीस वर्षं सगळे माझ्या डोळ्यांनी वाचत राहिले, म्हणून माझा एक डोळा मिटला तेव्हा तुझं घर गेलं.

हे तुला फोनवर सांगितलं असतं तर तू "असू दे आक्का" म्हणाला असतास आणि विषय संपवला असतास. मला तुझं असू दे नको आहे. तू रागाव. बारा तारखेला सगळ्यांसमोर माझ्यावर ओरड, मी खाली बघणार नाही. पण ये. मुदत तुझी चुकलेली नाही. एका बाजूने कचेरीने आणि दुसऱ्या बाजूने मी, दोघांनी मिळून ती तुझ्यापासून लपवली. न केलेल्या चुकीपायी तू गादी गुंडाळत बसायचंस आणि आम्ही दोघे मोकळे, हे मी चालू देणार नाही. तू आला नाहीस तरी मी वही घेऊन जाणार, पण अपील तुझं आहे, तुझ्याशिवाय ते पुकारून बाजूला ठेवतील. सकाळी पावणेअकराला कचेरीच्या दारात. आप्पांचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन ये. बाकीचे कागद वकीलबाईंकडे आहेत.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवते, पोच पावतीसकट. रजिस्टर पोस्ट आता त्यातच मिसळलंय म्हणे. पण पोच पावतीवर सही प्रितीही करील, नाहीतर जावईही. ती मला चालायची नाही. खाली एक ओळ सोडली आहे. त्या दिवशी वहीत मी तुझी सही अर्ध्या नोटिशीवर घेतली. ही सगळं वाचून झाल्यावर कर, आणि पत्र बारा तारखेला बरोबर आण. सही करावीशी वाटली नाही तर कोरं आण, पण ये.

खोली क्रमांक सत्तावीसची नोटीस सव्वादोन वर्षं उशिरा बजावणारी,
तुझी आक्का
कांता

वाचले : ______________________